ओझरचा बहादूर



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या मनात काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय येतात. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात दिवसभर तापून आलेल्या माणसाला सायंकाळी काही शीतल ऐकायला मिळावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आम्ही मात्र आज लोखंडाचा, धुराचा आणि कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाचा विषय घेऊन आपणांपुढे उभे आहोत. विषय एका लढाऊ विमानाचा आहे. मूळ नाव मिग-२७. आपल्या हवाई दलाने त्याला दिलेले नाव 'बहादूर'. ते आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला बांधले गेले, तीन दशकांहून अधिक काळ सेवेत राहिले, आणि २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरच्या तळावरून शेवटचे उड्डाण करून निवृत्त झाले.

कोणी म्हणेल, महाड-पोलादपूरच्या माणसांना या विमानाचे काय? इथे ना विमानतळ, ना कारखाना. आपण विमान पाहिले ते संकटात. २०१६ च्या ऑगस्टात सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा नदीवर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर पाहिले. २०२१ च्या जुलैत गाव पाण्याखाली गेले तेव्हा पुन्हा आकाशाकडे डोळे लावले. परंतु या विषयाशी आपले नाते त्याहून जुने आहे. याच तालुक्यात फौजी आंबवडे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथली घराघरातली माणसे फौजेत जात आली आणि गावाच्या नावालाच 'फौजी' हा शब्द चिकटला. पलीकडे पोलादपूरच्या बाजूला उमरठ आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी तिथे आहे. म्हणजे हा मुलूख पायदळाच्या शिपायाचा आहे. आणि आज ज्या विमानाची कथा सांगायची, ते विमान जन्माला आले तेच मुळी पायदळाच्या शिपायासाठी. म्हणून ही कथा सांगण्यास याहून योग्य जागा आम्हांस दिसत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. लढाऊ विमाने सगळी एका जातीची नसतात. काही विमाने शत्रूच्या विमानांशी आकाशातच झुंजतात. काही दूर जाऊन शहरे, पूल, कारखाने यांवर बाँब टाकतात. तिसरी जात जमिनीवर मारा करणाऱ्या विमानांची. त्यांचे काम खालच्या रणांगणावर, आपल्या शिपायाच्या समोर उभा ठाकलेला रणगाडा, तोफ किंवा मोर्चा उद्ध्वस्त करणे. हे काम कमी उंचीवरून करावे लागते. जमिनीवरची साधी बंदूकही अशा विमानाला लागू शकते. आकाशातल्या द्वंद्वाला जे वैभव आहे ते याच्या वाट्याला येत नाही. पण खंदकातल्या शिपायाला विचाराल, तर तो याच विमानाचे नाव घेईल.

उदाहरण १९७१ चे. डिसेंबरच्या ४ आणि ५ तारखांमधल्या रात्री राजस्थानच्या सीमेवर लोंगेवाला येथे आपल्या पायदळाची एक तुकडी पाकिस्तानी रणगाड्यांसमोर सापडली. माणसे जेमतेम सव्वाशे, आणि समोर लोखंडाची रांग. जैसलमेरला आपली हंटर विमाने होती, परंतु त्यांना रात्री मारा करता येत नव्हता. शिपायांनी ती रात्र काढली. उजाडले, हंटर आली, आणि वाळवंटात आडोशावाचून उभ्या असलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडाली. जमिनीवर मारा करणारे विमान म्हणजे काय, हे या एका सकाळीने सांगितले.

हंटर विमान इंग्रजांचे होते. आपले स्वतःचे असे विमान बांधण्याचा प्रयत्न आपण आधीच आरंभिला होता. १९५६ साली जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक बंगलोरला आले. त्यांनी आणि आपल्या अभियंत्यांनी मिळून 'मरुत' विमान आखले. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. १९६७ साली हवाई दलात दाखल झाले. देखणे, सडपातळ, जमिनीलगत वेगाने उडताना स्थिर राहणारे विमान होते ते. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने काम केले; दोन इंजिनांपैकी एक निकामी होऊनही ते तळावर परत आल्याची नोंद आहे. तरीही मरुतला आयुष्यभर एक शल्य राहिले. ज्या शक्तिशाली इंजिनासाठी त्याचा सांगाडा आखला होता, ते इंजिन कधी जन्मालाच आले नाही. ब्रिटनमध्ये होऊ घातलेल्या त्या इंजिनासाठी लागणारा पैसा ना तिकडच्यांनी घातला, ना आपण. मग कमी ताकदीची दोन इंजिने बसवून भागवावे लागले. स्वनातीत वेगासाठी आखलेले विमान त्या वेगाला पोचलेच नाही. घोडा आपला, खोगीर आपले, पण घोड्याच्या छातीत दम उसना, अशी स्थिती झाली. १९९० साली मरुत निवृत्त झाले. हे इंजिनाचे शल्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

आता बहादूरकडे वळू. सोव्हिएत रशियात मिकोयान आणि गुरेविच यांच्या संस्थेने १९६७ साली मिग-२३ हे विमान उडवले. त्याचे वैशिष्ट्य असे की पंख हलते होते. आपण डोंगरकपारीवर घार पाहिली असेल. तरंगायचे असते तेव्हा ती पंख पूर्ण पसरते. झेप घ्यायची असते तेव्हा तेच पंख मागे ओढून बाणासारखी होते. मिग-२३ ने हीच युक्ती केली. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पंख जवळजवळ आडवे, म्हणजे १६ अंशांवर; वेगात जाताना ४५ अंशांवर; आणि अतिवेगासाठी ७२ अंशांपर्यंत मागे. त्यामुळे लहान धावपट्टीवरून जड ओझे घेऊन उठणे आणि वर गेल्यावर वेगाने धावणे, ही परस्परविरोधी कामे एकाच विमानाला साधली.

हे मूळ विमान आकाशातल्या लढाईसाठी होते. रशियनांनी त्यात बदल करून जमिनीवर मारा करणारे रूप तयार केले. १९७२ साली उडालेले ते मिग-२७. बदल काय केले, ते पाहण्यासारखे आहे, कारण कामाप्रमाणे यंत्र कसे घडते ते त्यातून कळते. आकाशात शत्रू शोधणारे रडार काढून टाकले आणि नाक उतरते, चपटे केले, म्हणजे वैमानिकाला पुढची व खालची जमीन नीट दिसावी. त्या नाकात लेसर किरणांनी अंतर मोजणारे उपकरण बसवले. वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना चिलखती पत्रे लावले. अतिउंचीवर अतिवेगाने जायचे नसल्यामुळे हवा आत घेणारी गुंतागुंतीची दारे काढून साधी, स्थिर दारे ठेवली. पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ दिली. ती मिनिटाला सुमारे पाच हजार या वेगाने गोळे फेकी. विमानातला सगळा साठा चार सेकंदांच्या आत संपे, आणि तोफ चालली की विमान नखशिखान्त हादरे. शिवाय चार हजार किलोपर्यंत बाँब व अग्निबाण पंखांखाली आणि पोटाखाली टांगता येत. सुमारे वीस टनांचे हे धूड उचलण्यास इंजिन मात्र एकच. ते पूर्ण जोरात साडेअकरा हजार किलोचा रेटा देई.

हे विमान आपल्या ओझरला कसे आले? त्याची मुळे १९६२ त आहेत. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले; हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा म्हटले गेले. १९६३ साली ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग विमाने देशात बांधण्याचा करार रशियाशी झाला होता. त्यानुसार सांगाडा नाशिकला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि विद्युत उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहू लागला. द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या मुलखात मिग-२१ तयार होऊ लागली. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांची मुले तंत्रशाळांतून शिकून रिव्हेट मारू लागली, पत्रा कापू लागली, एका केसाच्या जाडीची चूक ओळखू लागली.

१९८० च्या दशकात याच कारखान्याकडे मिग-२७ आले. आरंभी रशियातून आलेले भाग जोडायचे; मग हळूहळू भाग इथेच घडवायचे; शेवटी कच्च्या मालापासून विमान उभे करायचे, असा तो क्रम होता. १९८५ साली बहादूरची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, आणि १९९७ पर्यंत ओझरहून १६५ विमाने बाहेर पडली. हा आकडा लहान नाही. एका विमानात हजारो सुटे भाग असतात. त्यांतला एक सैल राहिला तर वर बसलेल्या तरुणाच्या जिवावर बेतते. ओझरच्या कामगारांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांचे नाव कोणत्याही युद्धाच्या इतिहासात येत नाही. म्हणून या व्यासपीठावरून त्यांचा उल्लेख करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

बहादूरची कसोटी लागली १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलला. ज्या सपाट रणभूमीसाठी हे विमान आखलेले होते, तिच्या अगदी उलट ही भूमी. शत्रू सोळा-अठरा हजार फूट उंचीच्या शिखरांवर दडून बसलेला, लक्ष्य म्हणजे बर्फात आणि खडकांत लपलेले दगडी मोर्चे, आणि नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी सक्त ताकीद. खालून चढणारा आपला शिपाई उघड्यावर. वरून शत्रू नेम धरून बसलेला. २६ मे रोजी हवाई दलाने मोहीम सुरू केली. मिग-२१, मिग-२३ यांच्याबरोबर मिग-२७ ही उतरली.

दुसऱ्याच दिवशी, २७ मे रोजी, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांनी आपल्या मिग-२७ मधून अग्निबाण सोडले, आणि इंजिन विझले. असे का व्हावे? लोहाराचा भाता आठवा. भात्यातून स्वच्छ वारा आला तर निखारा फुलतो. वाऱ्याऐवजी धूर शिरला तर निखारा गुदमरतो. विमानाचे इंजिन हाही एक प्रचंड भाताच. पुढून हवा ओढायची, दाबायची, तीत इंधन पेटवायचे आणि मागून रेटा काढायचा. इतक्या उंचीवर हवा आधीच विरळ. त्यात अग्निबाणांचा उष्ण धूर आत ओढला गेला की श्वास अडकतो. दोन इंजिने असती तर एकावर परतता आले असते. इथे एकच होते. नचिकेतांनी विमान पुन्हा पेटवण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर त्यांना उडी घ्यावी लागली. ते शत्रूच्या हाती सापडले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आले. त्यांचा ठाव घेण्यासाठी मागे थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पडले, आणि आहुजा वीरगतीस गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक हेलिकॉप्टर चौघा जवानांसह गेले. तीन दिवसांत एवढी किंमत मोजल्यावर हवाई दलाने पद्धत बदलली: खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेर, अधिक उंचीवरून मारा करायचा. मिगच्या वैमानिकांनी हातात धरायची साधी स्थाननिश्चितीची उपकरणे आणि घड्याळ यांच्या हिशेबाने बाँब टाकले. अचूक लेसर बाँबांचे काम मिराज विमानांनी केले, हे खरे. तथापि कारगिलच्या शिखरांवर जड ओझे वाहून नेणाऱ्यांत बहादूरही होता.

युद्धानंतर त्याला नवी दृष्टी देण्याचे ठरले. हे काम आपल्याच लोकांनी केले. संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांनी सुमारे चाळीस विमानांत नवा संगणक, नवी दिशादर्शक यंत्रणा आणि वैमानिकाच्या डोळ्यांसमोर माहिती दाखवणारी काच बसवली; रात्री व अचूक मारा करण्याची सोय झाली. रशियनांची मदत न घेता रशियन विमानात केलेली ही सुधारणा. ती यशस्वी झाली याचे कारण उघड आहे: ज्यांनी ते विमान खिळ्या-खिळ्याने जोडले होते, त्यांना त्याचे अंतरंग ठाऊक होते.

पण डोळे नवे बसवता आले, हृदय जुनेच राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये उत्तर बंगालमध्ये एक विमान पडले, आणि इंजिनाबद्दल शंका येऊन सगळी मिग-२७ काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. पुढेही अपघात होत राहिले. अगदी अखेरच्या वर्षी, ३१ मार्च २०१९ रोजी, राजस्थानात एक विमान इंजिन बिघडून पडले; वैमानिक वाचला. न सुधारलेली विमाने २०१७ अखेर हासिमाऱ्याहून निवृत्त झाली होती. उरलेल्या विमानांपैकी सात विमानांनी २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरवर शेवटची फेरी घेतली, आणि बहादूरचा इतिहास संपला.

आता या कथेचे तात्पर्य काय? मरुत आणि बहादूर, या दोघांना शेजारी उभे करून पाहा. मरुतचा आराखडा आपल्या भूमीवर झाला. इंजिन बाहेरचे, तेही अपुरे. बहादूरचे इंजिन दणकट; पण आराखडा परका, इंजिनाचे शास्त्रही परके. कोरापुटला आपण ते इंजिन बांधत होतो, हे खरे. परंतु आराखड्याबरहुकूम बांधणे निराळे आणि तो आराखडा असाच का, हे जाणणे निराळे. स्वयंपाकघरात पाककृतीचे पुस्तक उघडून कोणीही पुरणपोळी करील. पुरण सैल झाले तर काय करावे, हे मात्र पुस्तकात नसते, ते आईच्या हाताला ठाऊक असते. इंजिन पुन्हा पुन्हा बिघडू लागले तेव्हा आपल्याजवळ पुस्तक होते, आईचा हात नव्हता.

हे शास्त्र इतके दुर्लभ का? कारण इंजिनाच्या गर्भात टर्बाइनची जी पाती असतात, त्यांच्यावरून जाणारा वायू हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेला असतो. त्याच वेळी ती मिनिटाला हजारो फेरे घेत असतात. साधे पोलाद तिथे मऊ पडेल. एकाच स्फटिकाची म्हणून पाती ओतावी लागतात, त्यांच्या पोटातून केसासारख्या वाटांनी थंड हवा खेळवावी लागते. ही विद्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या देशांना साधली आहे, आणि ती कोणी विकत नाही. शिवकालातही तोफांसाठी टोपीकरांच्या वखारींकडे पाहावे लागे. तोफ मिळे, ओतण्याची विद्या मिळत नसे. ती अडचण रायगडाच्या पायथ्याशी बसणाऱ्या आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९८९ साली आपण 'कावेरी' इंजिनाचे काम हाती घेतले. त्याची उंचीवरची चाचणी घेण्याची सोय आपल्याकडे नव्हती. इंजिन रशियाला न्यावे लागले. २००८ साली तेजस विमानापासून ते वेगळे करण्यात आले. तेजसचा आराखडा आपला. त्याचे इंजिन अमेरिकेचे. आणि ती इंजिने वेळेवर आली नाहीत तेव्हा तयार सांगाड्यांना वाट पाहत बसावे लागले. मरुतचे शल्य ते हेच. साठ वर्षांनी ते पुन्हा भेटले.

मात्र निराश होण्याचे कारण नाही. बहादूर गेला, पण ओझर गेले नाही. मिग-२७ नंतर त्याच कारखान्यात सुखोई-३० तयार झाली. आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. तिथल्या कामगाराचा हात तयार आहे. उणीव आहे ती धातूची भट्टी, चाचणीची सोय आणि पंचवीस-तीस वर्षे धीर धरण्याची तयारी यांची. इंजिन पाच वर्षांत होत नाही, निवडणुकीच्या मुदतीत होत नाही. दहा इंजिने चाचणीत फुटतात तेव्हा अकरावे उभे राहते, आणि फुटलेल्या दहांचा पैसा वाया गेला अशी ओरड करणारा समाज अकरावे इंजिन कधीच पाहत नाही. ती ओरड करणारे किंवा न करणारे आपणच आहोत. संशोधनाला धीर द्यायचा की नाही, हे शास्त्रज्ञांच्या इतकेच करदात्याच्या हाती असते.

शेजारच्या गावाच्या नावातच पोलाद आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांची भांडी तापतात. तंत्रशाळांत मुले लेथ चालवतात. त्यांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला धातुशास्त्र शिकावेसे वाटले, तर वडीलधाऱ्यांनी 'त्यात काय मिळणार' असे म्हणू नये, एवढीच आमची विनंती. आंबवड्याच्या घरातून मुलगा सीमेवर जातो तेव्हा त्याच्या डोक्यावर विमान असावे, ते चालू राहावे आणि त्याचे हृदय कोणाच्या मर्जीवर धडकत नसावे, एवढे त्या घराचे आपणां सर्वांवर ऋण आहे.

 जय हिंद.